साठ लिटर

ओस्त्रावात, चौथ्या मजल्यावर,
खाणीतून निवृत्त झालेला ओताकार
वाळूत गोगलगायींचे शंख रोवतो,
हॉटेलच्या मागच्या दारी मागून आणलेले.

यांत राहणारे सिक्लिड बोटाच्या पेराएवढे,
पण वीतभर वाळूसाठी अंगावर धावून जातात,
त्याच्या मनगटावरसुद्धा.
एंजल नको, त्याला मऊ पाणी लागतं.
ऑस्कर तर सगळ्यांना गिळून
वर जेवण कधी म्हणून विचारेल.
कपारीतली एखादी जोडी चालेल कदाचित,
पलीकडच्या कोपऱ्यात.

मागच्या खोलीत मेहुणा खोकतो, व्लास्तिमिल.
क्वेता गेली त्या हिवाळ्यात आला,
दोन दिवसांसाठी.

किटली शिट्टी घालते.
कुणीच उठत नाही.
ओताकार ओल्या हातानं मोजतो
दगडापासून शंखापर्यंत:
दीड वीत.
भागेल.