रांजणात उतरताना

पेलागिया आजी,
तुझं खरं वय गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.
चर्चची वही जळून गेलेली,
आणि तू सांगायचीस,
"द्राक्षं आंबट निघाली, त्या सालातली मी."

इमेरेतीच्या त्या उतारावर
झेंडे बदलले, शाळेतल्या तसबिरी बदलल्या.
रूबल कवडीमोल झाले तेव्हा
साठवलेल्या नोटांनी चूल पेटवलीस.
म्हणालीस, कागद मात्र बरा होता.

दर सप्टेंबरात मला रांजणात उतरवायचीस.
घरात अंगानं मीच बारका.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण,
हातात चेरीच्या सालीचा कुंचा,
आत काळोख, गेल्या साली मुरलेल्या वाइनचा
डोक्यात चढणारा वास.
वरून तुझा आवाज:
"बोलत राहा रे.
गप्प झालास की ओढून काढते."

मी पाढे म्हणायचो.
साताच्या पाढ्यात हमखास अडायचो.
शाळेचं तोंड न पाहिलेली तू
वरून ठणकावून उत्तर द्यायचीस,
बहुतेक वेळा चुकीचं.

काल तुला उतरवलं.
वालिकोमामानं पावावर वाइन शिंपडली.
दोर वर आले, रिकामे.
सगळे गप्प.
मी काठाशी वाकलो
आणि तोंडून निघून गेलं,
सात सक चव्वेचाळ.