मोजणी

देवळालीच्या तोफा सुरू व्हायच्या आधीच मी जागी असते.
पाथर्डी फाट्यावर सहाव्या मजल्याच्या काचा
जरा थरथरतात, मग गप्प बसतात.
मीही तशीच.

उठते, उत्कर्षच्या खोलीत जाते,
एकोणीस वर्षांच्या झोपलेल्या मुलाच्या मानेवर
दोन बोटं टेकवते. कानामागे, जबड्याखाली.
बागेत मण्यात पाणी उतरलं का बघतात, तसं, अलगद.
गाठ नाही.
अकरा वर्षं गाठ नाही.
अकरा वर्षं मी रोज बघते.

अंबडला कंपनीत स्विच तपासते मी.
टक्, टक्. शंभरात दोन नापास निघतात,
ते लाल ट्रेमध्ये.
मोजायची सवय तिथली, असं घरचे समजतात.
नाही. ती त्या कॅलेंडरची,
ज्यात सिलिंडरच्या तारखेशेजारी
पिवळ्या गोळीचं अर्धी, पाऊण, अर्धी लिहिलेलं,
पांढऱ्या पेशींचे आकडे एकादशीच्या चौकटीत,
आणि एका मंगळवारी नुसतंच: ताप.
त्या शब्दाखाली कागद फाटलाय पेनाने.

मग तो बरा झाला.
मंडळाने शाल दिली, नारळ दिला,
माईकवरून 'आपला वाघ' म्हणाले.
आठ वर्षांचा वाघ, गाल सुजलेले, कानटोपी घातलेला,
माझा पदर ओढून म्हणाला, आई, शू आलीय.
पेढे वाटले. पाहुणे गेले.
त्या रात्री पहिल्यांदा
छातीत कुणी ओलं गोणपाट पिळतंय असं झालं.
सगळं निभावल्यावर आता कसली भीती, हे म्हणाले.
मीही तेच म्हणाले.
मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही.
झोपेची अर्धी. मग एक.
सुईदोऱ्याच्या डबीत, बटणांखाली.

मागच्या महिन्यात त्याच्या जीन्सच्या खिशात
लाइटर निघाला, आणि बडीशेपेची रिकामी पुडी.
पोरं तिघं-तिघं गाडीवर धरणाच्या मागच्या पाण्याला जातात,
पाणीच बघायला जातात असं मी धरून चालले होते.
त्याच्या छातीला त्रास नको म्हणून
देवापुढे उदबत्ती लावणं सोडलेली बाई मी.
लाइटर परत खिशात ठेवला,
जीन्स धुतलीच नाही.

परवा डबी मोजली.
चौदा हव्या होत्या. नऊ.
ओट्यावर ओतल्या, एकेक बाजूला सारली,
बटणंसुद्धा मोजली.
नऊ.

विचारायला गेले आणि ओरडले:
ह्याचसाठी वाचवलं का तुला?
वाक्य गिरणीतल्या पिठासारखं
घरभर बसलं, पंख्यावर, फोटोंवर,
पुसेन तिथे आणखी पसरेना का.

तो कॉलरखालचा जुना व्रण चोळत राहिला.
मग म्हणाला,
पहाटे तू मानेला हात लावतेस ना,
मी जागा असतो.
रोज.
तुझी बोटं एका जागी थांबली
की मला वाटतं, सापडलं.
तुझ्यासारखी गाढ झोप एकदा तरी हवी होती मला.

गाढ.

मुंबई नाक्याला, वर्षाच्या तपासणीत
नवी डॉक्टर, कानात छोटे मोती,
विचारत होती: सिगरेट? दारू? आणखी काही?
दर वर्षी मीच आधी 'नाही हो' म्हणते.
ह्या वेळी पर्सची चेन धरून बसले.
तो म्हणाला, हो.
तिने लिहून घेतलं, रागावली नाही.
मग खुर्ची माझ्याकडे वळवली:
आणि तुम्हाला झोप लागते का?
एवढी जाड फाईल, त्यात माझं नाव
एकाच रेघेवर आहे, 'पालक'च्या पुढे.
मी ती रेघ शोधत राहिले, रडायला आधार हवा म्हणून.

आज काचा थरथरल्या तेव्हा
मी त्याच्या दाराशीच थांबले. हात गाऊनच्या खिशात.
आतून कूस वळल्याचा आवाज.
जागाच आहे, म्हणाला. चहा ठेवतेस?

ठेवला.
साखर किती चमचे टाकली,
लक्षात नाही.