सात मिलिमीटर

डॉक्टर लिओनिल्द सळईने मोजत जाते,
आकडे बोलते, कोपऱ्यातली मुलगी लिहून घेते:
तीन, दोन, तीन, तीन,
सात.
सातला तिचा आवाज खाली येतो,
दफनभूमीचं वळण आलं की
आमचा बँड येतो तसा.

वरचा जबडा, समोरच्या दोनांतला डावा.
दात जागेवर आहे, पण त्याच्या पायाखालचं हाड
कुणीतरी रात्री-अपरात्री उकरून नेलंय.
दुखलं नाही कधी.
खालचा सूर लांब धरताना एवढंच वाटायचं,
ओठामागे कुणी किंचित सरकून बसलं.

एकेचाळीस वर्षं मी बॉम्बार्दिनो वाजवतोय,
पितळेचं जड वाद्य,
मांडीवर घेतलं की वासरासारखं ऊबदार होत जाणारं.
ऑगस्टात मारिया मातेच्या मिरवणुकीत वाजवायचं,
उरलेलं वर्ष डुकरं पाळायची.
गावात म्हणतात, आदेरीतो म्हणजे हाडाचा वादक.
हाडाचा!
एक्स-रेवर त्या जागी वाटाण्याएवढा काळोख.

"उपटून टाका," मी म्हणालो.
"पूर्वी आम्ही सगळी हिरडी उलटवायचो, बाहीसारखी," ती म्हणाली,
"आता तेवढीही गरज नाही."
दोन दातांमधला हिरडीचा इवला त्रिकोण
तिने तळाशी कापला आणि उचलला,
दुसऱ्याचं पत्र वाफेवर उघडावं
तिकीट न फाडता, तसा.
वर मायक्रोस्कोपचा डोळा. बधिर ओठ.
मुळावरून पातं फिरत होतं
आणि तो आवाज मला कवटीच्या आतून ऐकू येत होता,
किसणीवर शेवटचं सुकं चीज.

मग एका बारीक सुईतून जेलचा थेंब.
हे कशाचं, मी बोटांनी विचारलं.
"डुकराच्या पिलांचं. हिरडीतच असलेल्या,
न फुटलेल्या दातांच्या कोंबांतलं.
कसं वाढायचं ते हाडाला आठवतं त्याने."

तोंड उघडं होतं, हसता आलं नाही.
पडल्या पडल्या हिशेब केला.
वर्षाला चार, चाळीस डिसेंबर.
अंगणात दहिवर, सुरी माझ्या हातात,
आणि दिओलिंदा पातेलं धरून,
व्हिनेगर घालून हाताने ढवळत राहायची ती,
न थांबता,
रक्त गोठू नये म्हणून.

इथे उलट. डॉक्टर म्हणाली,
आता त्या खड्ड्यात रक्त भरू दे.
गोठू दे. कुणी ढवळायचं नाही.
जिभेनेसुद्धा नाही.
केसाहून बारीक धाग्याचा एक टाका,
आणि मग दुसरा, पहिल्याच्या भरवशावर न राहता.

सहा आठवडे फुंकायचं नाही.
ब्रश नाही, पाव नाही, सफरचंद नाही.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
इथे तर कोरायचीही बंदी.
तालमीला जायचो, एव्हारिस्तोच्या भाच्याची पानं उलटायला.
पोरगं माझ्या जागी बसलेलं,
गाल फुगवून, घाई करत.
मी ओठ मिटून श्वास मोजायचो.
वर्षभर सळईही घालायची नव्हती.
बघायचंसुद्धा नाही, झालंय का ते.

वर्षाने एक्स-रे. काळोखात करडं काही,
काचेवर श्वास सोडल्यासारखं.
"सगळं नाही भरलं," डॉक्टर म्हणाली.
मग सळई घातली. "तीन."
मुलीने मान वर न करता लिहून घेतलं.

या डिसेंबरला सुरी मीच धरली.
खोटं कशाला बोलू?
संध्याकाळी गोठ्यात गेलो, एक पिलू उचललं,
बोटाने ओठ वर केला.
जन्माच्या सुया होत्याच.
त्यांच्या मागे, गुलाबी हिरडीखाली,
एक पांढुरका उंचवटा. अजून काही नाही.
ते माझं बोट चोखू लागलं.
घरातून दिओलिंदा हाक मारत होती,
सूप निवतंय म्हणून.
"आलो," म्हणालो,
आणि तिथेच उभा राहिलो.