खैरनार की पठाण

मिसळीचा दुसरा पाव संपला तरी
आमचं मिटत नाही:
पंचवटीची सिंधू खैरनार मोठी,
की नाशिकरोडची तबस्सुम पठाण?

दौलत म्हणतो, सिंधूच्या काळी कोर्ट मातीचं,
सलवार घोट्याशी रबरबँडने बांधून
छत्तीस पॉइंट. तेव्हा तीनचा बास्केट नव्हताच.
मी म्हणतो, पण तिला अडवायला होतं कोण?
सिन्नरच्या पाच पोरी, त्यातली एक तापाने फणफणलेली.

स्कोअरशीट सापडत नाही.
दौलतने सिंधूला पाहिलेलंही नाही,
त्याच्या थोरल्या भावाने पाहिलंय.

तबस्सुम मी पाहिलीय.
फायनलला शेवटचा फ्री थ्रो चुकला. वेळ संपली.
बॉल उचलून तिने रेफरीला दिला,
दोन्ही हातांनी,
शेजारणीचं उसनं भांडं परत करावं तसा.

हे कुठे मोजायचं, सांगा.

दौलत तर्री मागवतो.