वर्तुळं

इश्बेल पेन्सिलीनं वर्तुळ काढते: बाई.
चौकोन: पुरुष.
गेलेल्यांवर एक तिरकी रेघ.
डंडीच्या इस्पितळाची खिडकी, खाली टे नदी राखाडी,
पुलावरून जाणारी आगगाडी
लांबून धावदोऱ्यासारखी.

"वडिलांकडच्या बायका?"
मी गप्प.
चौकोन मला सात पिढ्यांचे पाठ आहेत.
दर सुगीला हेळवी यायचा गडहिंग्लजला,
बैलाच्या पाठीवर चोपड्या लादून,
पायलीभर जोंधळ्यांत आजोबांना
त्यांच्या खापरपणजोबांपर्यंत नेऊन सोडायचा.
वर्तुळं त्याच्या चोपडीत नव्हतीच.

तो कागद घरी आणला.
पहाटे साडेचारला बापूकाकांना फोन.
काका म्हणाले, बायकांचं कोण लिहून ठेवतंय, पोरी.
मग मागून काकू बोलल्या.

शशिआत्याचं पोट वाढलं चव्वेचाळिसाव्या वर्षी.
नळावरच्या बायका हसल्या, या वयात पाळणा?
आत्याही हसली, लुगडं सैल नेसू लागली.
दिवाळीच्या आत गेली.
पोटात पाणी झालं, एवढंच सांगितलं सगळ्यांना.

आणि आजी?
तिचा पदर छातीवरून कधी ढळला नाही,
आम्ही त्याला सोज्वळपणा म्हणायचो.
शेवटची आंघोळ घालताना बायकांनी पाहिलं
आणि पुन्हा झाकलं.

सहा आठवड्यांनी रक्ताचं उत्तर आलं.
"लांबलचक मजकुरात एका अक्षराची चूक," इश्बेल म्हणाली,
आणि मला भलत्या वेळी हसू फुटलं.
ध चा मा.
हिला कसं सांगू, आमच्याकडे म्हणे एका कागदावर
'धरावे' होतं, कुणीतरी 'मारावे' केलं,
आणि आळ अर्थातच एका बाईवर.
हा कागद मात्र बाबांच्या हातून आला.
त्यांनी वाचला नव्हता, नुसता पोचवला,
शेजाऱ्यांची चुकून आलेली पत्रं पोचवायचे तसा.

मी विचारलं, किती?
तिनं शंभर ठिपके काढले, रांगोळीला काढतात तसे,
आणि रंगवत सुटली. निम्म्याच्या पुढे गेली. थांबली.
"यातला तुमचा कुठला, ते मला माहीत नाही."
मोकळे ठिपके मी दोनदा मोजले.

स्तनांवर दरवर्षी नजर ठेवता येते.
बीजकोशांवर भरवशाची नजर अजून कुणाकडे नाही;
ते काढायचे का, कधी,
याचं बोलणं चाळिशीच्या आसपास.
मी अडतीस.

शिरीष स्लाउहून म्हणतो, मी पुरुष, मला काय त्याचं.
त्याला दोन मुली.
त्याचा चौकोन इश्बेलनं तसाच कोरा ठेवलाय.
केतकी पंधराची. स्कॉटिश हेल काढून विचारते, आणि माझं?
मोठी झालीस की तू ठरव.
विचारणं तुझं, न विचारणंही तुझं.
ती दार आपटत नाही. याचीच मला जास्त भीती वाटते.

नोव्हेंबरात मी पालथी झोपते त्या बोगद्यात,
कानांवर बोंडं, हात डोक्यापुढे,
आत कुणी खलबत्ता कुटत असल्यासारखा आवाज.
काकूंनी मध्यरात्री आठवून कळवलं होतं,
शशिकला हे सासरचं नाव, तांदळात लिहिलेलं.
माहेरची ती तुळसा.
चाळीस मिनिटं मी तेच नाव
खलबत्त्याच्या ठेक्यावर म्हणत राहिले.

मग पत्र आलं: या वेळी काही आढळलं नाही.
फोनवर मी म्हटलं, काकू, यंदा काही नाही.
यंदा तर यंदा, काकू म्हणाल्या,
आंब्याचंही आपण यंदापुरतंच बोलतो.
आणि त्या तपासणीचं नाव सावकाश सांग,
आपल्या बेबीच्या रेवतीला सांगायचंय.
थांब, चष्मा लावते.
हं. सांग.