अनुक्रमांक चार

सात यंत्रं दिली होती, सहा जमा झाली.
चारच्या पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह,
प्रश्नचिन्हाच्या पुढे मी:
लेखापरीक्षा सहायक, एस विभाग,
हातात छापील तक्ता, खिशात दोन पेनं.

बैठकीत साहेब म्हणाले होते,
साथ संपली, आता हिशेब संपवा.
प्रभाग समितीचा हॉल तोच,
फक्त सभासदांच्या खुर्च्यांवर हल्ली
फायलींचे गठ्ठे बसतात.
गठ्ठे हरकत घेत नाहीत.

भांडुपच्या टेकडीवर घर नंबर विचारत नाहीत,
कितवी पायरी, विचारतात.
लोचना घाडी पुढे, आरोग्यसेविका,
मानधन तीन महिने थकलेलं,
ती मात्र थकलेली दिसेना.
एकशे चाळिसाव्या पायरीला मी कठड्याला टेकलो.
ती म्हणाली, ऑक्सिजनचं मशीन
आम्ही दोघींनी चादरीत घालून वर आणलं.
माणसं त्याच चादरीतून खाली जायची.
मग जरा थांबून,
सगळी नाही हां. बरीच नंतर स्वतःच्या पायांनी उतरली.

तुळसाबाई मेस्त्रींचं दार उघडंच होतं.
यंत्र कोपऱ्यात, दोन विटांवर,
डोक्यावर क्रोशाचा रुमाल.
अनुक्रमांक जुळला. मी खूण केली.
परत का नाही केलं, विचारलं.
"कुणाकडे?
तो मांडव मोडला तुमचा.
आता तिथं गाड्या लावतात."

आणि तिनं खिळ्यावरची वही काढली.
शाळेची, चौरेघी, कव्हर गेलेली.

मंगळवार. दगडू परब, रात्री दहा ते दोन. बिल चौघांत.
शकीलाची सासू, दुपारी. अर्धी भाकरी खाल्ली.
लाइट गेली. पुठ्ठ्यानं वारा घातला, पाळीपाळीनं.
सुधाकर मास्तर, रात्रभर.
त्याखाली आडवी रेघ. एक पान कोरं.
मग दुसऱ्या शाईत: फिल्टर धुतला.

माझ्या तक्त्यात रकाने पाच.
वस्तू, क्रमांक, दिनांक, स्थिती, शेरा.
त्यांच्या वहीत एक जास्तीचा:
कोण येऊन गेलं.
नालासोपाऱ्याचा भाऊ. पोस्टमन, घटकाभर बसला.
लोचना. लोचना. लोचना, पावडरचं दूध घेऊन.
मी मागे मागे पानं उलटत गेलो,
निकालाच्या दिवशी फळ्यावर
आपला नंबर शोधावा तसा.
दोन वर्षांत एकदा सापडलं: महापालिका.
पुढे लिहिलं होतं, नळ तोडायला.

मी वही मिटली.
तुळसाबाईनं ती पुन्हा उघडली,
"सही करा साहेब. आल्यागेल्याची नोंद असते इथं."
केली. हुद्दा लिहायचा राहिला.
मग चष्मा नाकावर ओढून
तिनं माझ्या नावापुढे सावकाश लिहिलं:
मशीन मोजायला आले. पाणी प्यायले.
दम लागत होता.
परत बघणे.

खाली येऊन मी शेरा भरला,
यंत्र वापरात आहे, परत घेऊ नये.
साहेबांनी लाल शाईनं गोल केला.
वापरात, पण कोणाच्या देखरेखीखाली?
खुलासा सादर करावा, तीन दिवसांत.

खुलासा अजून टेबलावर आहे,
पहिल्या ओळीशी अडलेला.
गुरुवारी फोन आला, अनोळखी नंबर.
"लोचना घाडी बोलतेय.
वहीत तुमचं नाव राहिलंय ना,
म्हणून विचारते,
त्या दिवसानंतर
दम कसा आहे?"