सव्वादोन

मिरजेला गाडीत चढताना
भावानं तिसऱ्यांदा विचारलं, एकटीच?
जणू फलाटावरून अजून कोणी धावत येईल
आणि मला सोबत होईल, अशी त्याला आशा.

मग टीसीनं विचारलं. भुसावळला केळीवाल्या बाईनं विचारलं.
वरच्या बर्थवरच्या फौजीनंही विचारलं,
आणि उत्तर ऐकून आपल्या डब्यातलं लोणचं वाढलं.
ग्वाल्हेरच्या लॉजवर तर रजिस्टरात रकानाच होता,
साथ में कौन.
मी आडवी रेघ ओढली.
लॅबमध्ये तीस वर्षं अशीच ओढत आले,
आढळले नाही, या अर्थी.

पहिली रात्र वाईट गेली, खोटं कशाला सांगू.
दाराला कडी, कडीला टेकून खुर्ची,
खुर्चीवर पाण्याची बाटली,
कोणी आलंच तर पडेल आणि जाग येईल म्हणून.
पहाटे ती पडली.
माझ्याच पायानं.

सकाळी बाड्यावर उभ्यानं बेडई खाल्ली.
बटाट्याचा रस्सा द्रोणातून गळत कोपरापर्यंत आला
आणि शेजारची बाई वर्तमानपत्राचा तुकडा पुढे करत म्हणाली,
"पुसून घ्या नं, इथे सगळ्यांचं असंच होऊन राहतं."
मराठीच, पण कडेकडेनं हिंदीत विरघळलेली.
नलिनी शिरढोणकर. चार पिढ्या लष्करात.
मी म्हटलं, कोणत्या पलटणीत?
ती इतकी हसली की तिचाही द्रोण गळला.
लष्कर म्हणजे आमचा मोहल्ला हो, म्हणाली.

हरगोविंदच्या टेंपोत सहाच्या जागी नऊ.
नववी माझ्या मांडीवर अर्धी बसलेली,
इप्शिता, कटकची, वय एकोणीस,
घरी सांगून आलेली की मैत्रिणींसोबत जाते.
मैत्रिणी कुठे आहेत, मी विचारलं.
ती आमच्या दोघींकडे पाहत राहिली
आणि मग फोन काढून तिघींचा फोटो घेतला,
आईला पाठवायला.
नलिनीनं पदर नीट केला. मी पोट आत घेतलं.
कॉलेजच्या मुली दिसलो नाही, पण प्रयत्न केला.

गडावर निळ्या भिंतीवरून पिवळी बदकं चाललेली,
पाचशे वर्षं, एकामागोमाग एक.
इप्शिता बराच वेळ बघून म्हणाली,
यातलं एकही कधी मागे वळून बघत नाही.
आम्ही काही बोललो नाही.
वारा खूप होता, वर गुडघेही दुखत होते.

सासबहूच्या देवळापाशी नलिनी पाटीवर नाक टेकवून उभी,
चष्मा घरी विसरलेली.
मी माझा दिला. तिला सगळं लख्ख दिसलं.
"नंबर काय हो?"
सव्वादोन.
"माझाही!"
गोत्र जुळल्यावरसुद्धा
कोणी इतकं हसलं नसेल.

संध्याकाळी तिच्या घरी तिसऱ्या मजल्यावर
तिच्या नवऱ्यानं, ज्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
आम्हाला चहा करून दिला, आलं जरा जास्तच.
पत्त्यांचे चार डाव झाले. इप्शिता लबाडी करत होती.
हरगोविंद रात्री साडेनऊला लॉजवर सोडायला आला,
पैसे घेईना, मग अर्धे घेतले.

त्या रात्री खुर्ची खिडकीपाशी होती.

मिरजेला पोचल्यावर पेपर उघडला
तर चष्म्याची एक काडी लाल दोऱ्यानं बांधलेली.
माझी नव्हे ती.
अक्षरं मात्र तशीच, जागच्या जागी.

दुपारी फोन.
"तुमचा चष्मा माझ्याकडे राहून गेला नं.
पोस्टानं पाठवू, की मीच येऊ घेऊन?
मी तर भोपाळच्या पुढे कधी गेलेच नाही."
आणि माझ्या तोंडून, अगदी भावाच्या आवाजात,
निघून गेलं,
एकटीच?

पलीकडे ती कितीतरी वेळ
हसून राहिली होती.